पाणी आत जाऊ नये म्हणून

माझ्या मुलीला मी एकदा सांगितलं की, तुझ्या डॉक्टर मामानं एके काळी हवाई चपलेचा तळवा कापून कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावर बसवला होता आणि त्याच्या कडेनं माझी गुलाबी नेलपॉलिश फासली होती, तर ती इतकी हसली की तिला ठसकाच लागला. मामा? तो इस्त्रीच्या घडीतला मामा? मी म्हटलं, हो बाई, तोच. लोकांना वाटतं डॉक्टर जन्मतःच डॉक्टर असतात. आमच्या घरात तो कसा झाला ते मी लिहून ठेवते आहे, कारण माय ते सांगायची नाही, दादा स्वतः तर नाहीच नाही, आणि आमच्या वडिलांनी, अण्णांनी, एकदा सांगितलं होतं ते भर हॉलमध्ये, माइकवर, टाळ्या घेत. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझं डोकं फिरतं.

भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा आम्ही तीन भावंडं होतो. दगडमातीचं घर होतं. अण्णा त्या दिवशी देवणीकडं मुक्कामाला गेलेले. मायनं नखं उलटेपर्यंत माती उपसून बालाजीदादाला बाहेर काढलं. मी खाटेच्या खाली होते म्हणून वाचले. धाकटा नंदू तिच्या हाताला लागला नाही. त्यानंतर आम्ही लातुरात आलो, क्लासेसच्या गल्लीत, पत्र्याच्या दोन खोल्यांत. स्लॅबचं घर मिळत होतं, पण माय म्हणाली, ‘पत्राच बरा. डोक्यावर पडला तरी माणूस मरत न्हाई.’ तिनं पोरांची मेस सुरू केली. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येत होती आणि आमच्या ओट्यावर बसून भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी खात होती. पहाटेपासून भाकरी थापल्याचा आवाज, वर तापलेला पत्रा कडकड वाजायचा, आणि शेजारच्या क्लासात पन्नास-साठ पोरं एका सुरात फॉर्म्युले म्हणायची. सकाळच्या सुशील्यावर, म्हणजे भिजवून फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांवर, शेव टाकायची की नाही यावरून पोरं भांडायची ते मात्र मला आवडायचं. घरात तेवढंच भांडण हसत हसत व्हायचं.

अण्णा गुरांच्या दवाखान्यात होते. देवणी जातीच्या वळूच्या वीर्याच्या कांड्या घेऊन गावोगाव गाई भरवायचे. त्या कांड्या ज्यात ठेवतात ती नायट्रोजनची कॅन त्यांच्या मोटरसायकलच्या मागं बांधलेली असायची. झाकण काढलं की पांढरी वाफ ओसंडायची आणि गल्लीतली पोरं गोळा व्हायची. अण्णांनी एकदा त्यात गुलाबाचं फूल बुडवून काढलं आणि जमिनीवर आपटलं, तर त्याचा चुरा झाला. पोरांनी टाळ्या पिटल्या. अण्णांना टाळ्या लई आवडायच्या. गावातल्या बायाबापड्यांशी ते गोड बोलायचे, गाईच्या पाठीवरून हात फिरवायचे. घरी आले की तोच हात पट्ट्यावर जायचा, आणि पट्ट्यापेक्षा त्यांची जीभ वाईट. मायला ते म्हणायचे, ‘एक हाताला लागला, एक सुटला. तुझ्या हाताला यशच न्हाई.’ असं, जेवताना, मीठ मागावं तसं. माय मीठ पुढं करायची.

दादा दोनदा बारावीला बसला आणि दोन्ही वेळा मेडिकल हुकलं. अण्णांनी त्याचं नाव ‘रिपीटर साहेब’ पाडलं. मेसच्या पोरांना वाढायला त्यालाच लावायचे आणि म्हणायचे, ‘ह्याला बघून ठेवा रे. असं होऊ नका.’ त्याच्याहून तीन वर्षांनी लहान पोरं खाली मान घालून जेवायची. एकदा तर म्हणाले, ‘दोनदा भरवून उलटलेली गाय शेतकरी बाजारात नेतो. मी अजून दावणीला ठेवलीय, उपकार माना.’ दादानं वरणाची बादली खाली ठेवली आणि बाहेर गेला. त्या काळात तो चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचा. तिथं त्याला कुणी रिपीटर म्हणत नव्हतं. तिथं त्याचे हात चालायचे. बंद पडलेलं मशीन त्याच्यासमोर ठेवलं की तो कान देऊन ऐकायचा, पंखा कसा फिरतोय, आत काय किरकिरतंय, आणि बहुतेकदा ते सुरू करून द्यायचा.

नांदेडच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवाल्यानं स्पर्धा ठेवली: जो आपलं मशीन सगळ्यात जास्त वेगानं पळवून दाखवेल त्याला दुकानात कायमची नोकरी. प्रोसेसर जितका गार, तितका पळतो. बाकीचे पंखे लावणार, फार तर बर्फाचं पाणी फिरवणार. दादाच्या घरात शून्याच्या कितीतरी खाली गेलेला नायट्रोजन झाकण लावून ठेवलेला होता. त्यानं जेवताना अण्णांना विचारलं. मला वाटलं आता ताट उडणार. पण अण्णा हसले.

‘जिंकलास तर जा नांदेडला, पाने-पेंचिस घेऊन बस जन्मभर. मी आडवा येणार न्हाई. हरलास तर गपगुमान तिसऱ्यांदा बारावी. पुना कॉम्प्युटरला हात लावलेला दिसला तर हात मोडीन.’

‘शब्द देता?’ दादा म्हणाला.

‘दिला. आन् कॅन पण देतो, माझी सोताची. हरायचं तर नीट हर. मागनं म्हणू नको, बापानं दिलं न्हाई.’

दादाची सुटका तेवढ्यावर आली. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, मेसच्या पोरांना सुद्धा.

खरी अडचण गार करण्याची नव्हती, कोरडं ठेवण्याची होती. थंड सरबताच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसं. प्रोसेसरवर तांब्याचं भांडं बसवून त्यात नायट्रोजन ओतला की आजूबाजूच्या हवेतली सगळी वाफ तिथं येऊन पाणी होते, त्याचं हिव होतं, आणि हिव वितळलं की पाणी बोर्डाच्या तारांवर उतरतं. एक थेंब चुकीच्या जागी गेला की खेळ खलास. म्हणून भांड्याभोवती असं काही भरायचं की हवेला आत शिरायला फटच राहू नये. भांडं शेजारच्या शाहेदाखालांच्या नवऱ्यानं लेथवर कातून दिलं. खाला दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘अरे बालाजी, इत्ता क्या सोचरा? देग के ढक्कन को आटा लगाते नई क्या? दम बाहर नई जाता तो हवा अंदर कायकू जाती?’ आम्हाला ते इतकं पटलं की मायनं लगेच कणीक मळून दिली. घट्ट, पुऱ्यांना मळतात तशी. दादानं ती भांड्याभोवती लिंपली आणि नायट्रोजन ओतला. कणीक दगड झाली, तडकली, आणि थोड्या वेळानं तिच्यातलंच पाणी सुटून सगळं चिकट झालं. दुकानातून मागून आणलेला तो भंगार बोर्ड जागीच गेला. कणकेत मायनं सवयीनं मीठ घातलं होतं. अण्णा बाहेरून ओरडले, ‘रिपीटर साहेब, पुऱ्या झाल्या का?’ शाहेदाखाला कपाळाला हात लावून पळाल्या, आणि खरं सांगते, आम्ही तिघं पोट धरून हसलो. त्या घरात तसं हसल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

दुसऱ्या बोर्डाला आम्ही हयगय केली नाही. माझी बोटं बारीक, म्हणून लिंपायचं काम माझ्याकडं आलं. आधी बोर्ड थिनरनं पुसून उन्हात वाळवला. मग प्रोसेसरच्या भोवतीच्या मोहरीएवढ्या तुकड्यांवर, पुढून आणि पाठीमागून, नेलपॉलिशचे दोन हात दिले. एक वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, दादा घड्याळ घेऊन बसायचा. प्रोसेसरच्या पिना जिथं जातात त्या भोकांमध्ये व्हॅसलीन भरलं, काडीनं, एकेका भोकात, हवेचा बुडबुडा राहू न देता. थंडीत टाचांना लावायची मायची डबी त्यात संपली. मग पेंटर लोक खिडकीच्या काचेला लावतात ती तेलात मळलेली लांबी आणली. तिच्यात पाणी नसतं. ती बोटानं दाबत दाबत खाचाखोचांत बसवली. सगळ्यावर हवाई चपलेच्या रबराची चकती. त्या रबरात पाणी मुरत नाही, हे दादाला पावसाळ्यात चपला धुताना सुचलं होतं. मेमरीच्या पट्टीजवळ मात्र चकती थोडी चिरावी लागली, नाहीतर पट्टी बसेना. चिरेवर मी वरून व्हॅसलीनचा लेप दिला. ओतून बघितलं. भांड्यावर पांढरंशुभ्र हिव चढलं आणि खाली बोर्ड कोरडा ठणठणीत. दादानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, ‘सुरे, तुझ्या हाताला सोन्याचं कडं करीन.’ आत माय भाकरी थापत होती. तिनं ते ऐकलं असेल, असं मला तेव्हा वाटलंही नाही.

नांदेडला आम्ही चौघंही गेलो, सकाळच्या एसटीनं, अहमदपूर-लोहा करत. बोर्ड मेसच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळून मायच्या मांडीवर. कॅन अण्णांच्या दोन पायांत. वाटेत त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, ‘पोराला खेळ दाखवायला नेऊन राहिलो.’ पोचल्यावर दादा आणि मी हॉलवर नाव द्यायला गेलो. माय म्हणाली, गोदावरीचं दर्शन घेते. अण्णा तिच्याबरोबर डबा आणि कॅन घेऊन घाटावर थांबले. आम्ही परत आलो तेव्हा अण्णा लिंबाच्या सावलीत तोंडावर टॉवेल टाकून पडलेले आणि माय डब्याला कुंकू लावत होती. आम्ही डबा उचलला.

हॉलमध्ये कॉलेजची पोरं पंखे लावून बसली होती. दादानं कॅनचं झाकण काढलं आणि वाफ टेबलावरून खाली ओघळली, तशी अख्खी गर्दी आमच्याकडं आली. पहिल्यांदा ओतलं. मशीन चालू. दादानं वेग वाढवला, आणखी वाढवला. आकडा बाकीच्यांच्या पुढं गेला. तो दुकानवाला स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसला आणि विचारलं, ‘कुठलं गाव, बाळ?’ दादा लाजला. मी त्याच्याकडं बघत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो ताठ बसला होता. नियम असा की, थोडं थांबून तोच आकडा पुन्हा दाखवायचा. तेवढ्या वेळात भांड्याचा गारठा जरा उतरला, हिव वितळायला लागलं. दुसऱ्यांदा ओतायला त्यानं हात उचलला आणि पडदा काळा झाला. मेमरीच्या पट्टीपाशी चिर्र असा आवाज, आणि जळका वास.

दादानं तिथंच, सगळ्यांदेखत, चकती उपटली. खाली पाणी होतं. बाहेरून आलेला घाम नव्हे, चांगलं डबकं. लुगड्याला घासून लेप निघालेल्या चिरेतून आत गेलेलं आणि माझ्या चकतीनं, माझ्या लांबीनं आतच अडवून धरलेलं. आम्ही पाणी आत जाऊ नये म्हणून जे जे केलं होतं, त्यानं ते बाहेर येऊ दिलं नव्हतं. मायनं ते बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ‘मी गोदामायचं पाणी शिंपडलं रे बाबा,’ ती म्हणाली. ‘एकच ओंजळ. यश यावं म्हणून.’ तेव्हा अण्णा म्हणाले, ‘माझा जरा डोळा लागला न् हिनं घात केला. तुझा हातच तसा. आधी एक खाल्ला, आता ह्याला खाल्लं.’ परक्या गावात, परक्या माणसांत. मला तेव्हा त्यांचं नरडं दाबावंसं वाटलं होतं. आज लिहिताना सुद्धा वाटतं.

दादा तिसऱ्यांदा बारावीला बसला. नव्या क्लासात, पहिल्या बाकावर. त्या वर्षभर तो कुणाशी धड बोलला नाही, आणि मायनं त्याच्या कशालाच हात लावला नाही. त्याचं ताट मी वाढायचे, त्याचे कपडे मी वाळत घालायचे, त्याला ताप आला तेव्हा पट्ट्यासुद्धा मी ठेवल्या. ती दारात उभी राहून सांगायची, पट्टी बदल गं, सुकली. परीक्षेच्या दिवशी हातावर दही-साखर ठेवायला तिनं शाहेदाखालांना बोलावून आणलं आणि स्वतः चुलीपुढं तोंड फिरवून बसली. अण्णा रोज तिला ऐकवायचे. ती कधी उलटून बोलली नाही, कारण तिला ते खरं वाटत होतं. चाळीस पोरं जिच्या हातचं खाऊन अंगानं भरत होती, त्या बाईला आपल्या हाताची भीती बसली.

त्या वर्षी दादाला मेडिकल मिळालं. क्लासवाल्या सरांनी मंगल कार्यालयात सत्कार ठेवला. स्टेजवर हार घातलेली पोरं आणि त्यांचे बाप, खाली खुर्च्यांवर आया आणि पुढच्या वर्षीची गिऱ्हाइकं. अण्णा नव्या सफारीत होते. सरांनी माइक त्यांच्या हातात दिला, म्हणाले, पालकांना दोन शब्द सांगा. आणि अण्णांनी नांदेडची गोष्ट सांगितली. चपलेचा तळवा, नेलपॉलिश, कणकेच्या पुऱ्या. हॉल हसून हसून लोळत होता. त्यांना चढली.

‘घाटावर मी तोंडावर टॉवेल घेऊन पडलो व्हतो,’ ते म्हणाले. ‘समद्यांला वाटलं झोपलोय. आमच्या मंडळींनी डबा उघडला न् ओंजळ वतली. मला टॉवेलातनं समदं दिसून राहिलं व्हतं. पाणी चिरेतनं आत गेलेलं बी दिसलं. म्हणलं, बोलावं का? एक शब्द बोललो असतो तर पुसून, उन्हात धरून कोरडं झालं असतं. पोरगं जिंकलं असतं. आज नांदेडात पंखे पुसत बसलं असतं. न्हाई बोललो! पालकांनो, पोराचं भलं करायचं तर कधी कधी त्याचं वाटोळं होताना गप बघत बसावं लागतं. म्हणून आज ह्यो डॉक्टर!’

टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझ्या शेजारी माय उठून उभी राहिली. माझ्या आयुष्यात मी तिला चारचौघांत आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

‘अवो!’ ती ओरडली. ‘वर्षभर मला पांढऱ्या पायाची ठरवलं की वो तुम्ही! तापातल्या पोराला बी हात लावायला भेत व्हते मी!’

आणि लोक हसले. देवाशपथ, हसले. त्यांना वाटलं नवरा-बायकोचा लटका तंटा चाललाय. अण्णा माइकवर म्हणाले, ‘बघा, घरी बी असंच असतंय,’ आणि आणखी हशा. सर पुढं झाले, ‘मातोश्री भावुक झाल्या आहेत, त्यांच्यासाठी एकदा जोरदार...’ आणि परत टाळ्या. दादा स्टेजवरून खाली आला, हारासकट, गर्दीतून वाट काढत. मायसमोर उभा राहिला. त्याचे ओठ हलले. मागून सरांनी हाक मारली, ‘डॉक्टरसाहेब, ग्रुप फोटो राहिलाय!’ आणि तो वळला आणि परत वर गेला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. तो फोटो दादाच्या दवाखान्यात अजून आहे. अण्णा जसे होते तसे होते. मला जास्त राग दादाचा येतो. एकदा मी त्याला विचारलं, तेव्हा काय म्हणणार होतास मायला? तो म्हणाला, ‘पेशंट थांबलेत, सुरेखा.’

रिक्षातून घरी येताना मायनं मला एकच विचारलं. ‘म्हंजे माझ्या हातात वाईट काय न्हाई ना गं?’ मी म्हटलं, काही नाही. ‘खोटं नको बोलू,’ ती म्हणाली, ‘पाणी मीच टाकलं. पण ह्यो माणूस बघत व्हता.’ अण्णा पुढं, ड्रायव्हरशेजारी बसून त्याला सत्काराची शाल दाखवत होते.

त्या दिवसापासून माय अण्णांशी बोलली नाही. एक शब्द नाही. स्वयंपाक केला, ताट वाढलं, आजारपणात पाय चेपले, सणाला त्यांच्या शेजारी पाटावर बसली. बोलली नाही. आधी ते हसले. मग शिव्या दिल्या. मग एकदा ताट भिरकावलं, तिनं ते उचललं आणि दुसरं वाढलं. नातेवाईक आणून बसवले, ती नातेवाइकांशी बोलली. वर्षं गेली, माझं लग्न झालं, दादानं नांदेडलाच दवाखाना टाकला, मेस बंद झाली. अण्णांचा आवाज हळूहळू त्या दोन खोल्यांत एकटाच फिरत राहिला, आणि मग तोही बसला.

शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी माहेरी होते. दादा दर रविवारी यायचा, बीपी बघायचा, औषधं लिहून जायचा. एका दुपारी अण्णांनी माझं मनगट धरलं. पकड उरली नव्हती, पण सोडेनात. ‘सुरे,’ म्हणाले, ‘तिला म्हण, शिवी तरी दे. काय बी म्हण म्हणावं. आवाज ऐकू दे एकदा.’ डोळ्यांतून पाणी येत होतं. मी हात सोडवून आत गेले आणि मायला शब्द न् शब्द सांगितलं.

माय त्यांच्यासाठी लापशी शिजवत होती. तिनं ऐकून घेतलं. गॅस बारीक केला.

‘शिवी आपल्या माणसाला देतेत,’ ती मला म्हणाली, आणि लापशी वाटीत काढून गार करायला लागली. अण्णांच्या खोलीकडचं मधलं दार उघडंच होतं.